रस्ता लांबला?

उतेकर मिस्त्रींनी आधी चारही प्लग काढले,
गिअर टॉपला टाकला आणि म्हणाले, ढकला.
वागळे इस्टेट, दुपारचे अडीच,
मी, फैजान आणि समोरच्या टपरीवरून उठून आलेला कुणी एक,
माझी चौसष्ट सालची फियाट ढकलतोय
मुंगीच्या पावलांनी,
टायरवरची खडूची रेघ जमिनीला टेकल्यापासून
पुन्हा टेकेपर्यंत.

मिस्त्रींचं डोकं बॉनेटच्या आत.
पुलीवर पांढऱ्या रंगाचा एक ठिपका, तो मोजतायत.
एक. दोन. हळू रे. तीन. चार.
आणि हा पाव. पावाच्याही जरा वर.

चाकाची एक फेरी, इंजिनाच्या सव्वाचार.
"हे नाही बदलत, बाई.
मागच्या हाउसिंगमध्ये त्रेचाळीस दाते, समोर दहा.
कंपनीतून निघाल्यापासून दोघांचं एवढंच बोलणं चाललंय.
बदलतं ते हे," म्हणत त्यांनी टेप सोडली
खडूपासून खडूपर्यंत :
एकशे त्र्याहत्तर सेंटिमीटर.
"हवं होतं एकशे शहाऐंशी. कुणीतरी तेराची चाकं घातलीत.
मोठ्या माणसाचा हात धरून पोरगं चालतं ना,
रस्ता दोघांना तेवढाच.
धाप कुणाला लागते?"

साठच्या वेगाला
मिनिटामागे पावणेदोनशे फेऱ्या जास्तीच्या.
म्हणून भिवंडी बायपासला ती तशी किंचाळायची,
आणि मी बेअरिंगला दोष देत होते.

कुणीतरी म्हणजे कोण, ते मला माहीत होतं.
गाडीबरोबर, डॅशबोर्डच्या कप्प्यातून,
एक लाल पुठ्ठ्याची वही आली होती :
वि. ना. कर्णिक, चरई, ठाणे.
तारीख, आकडा, पेट्रोल, कुठून कुठे.
अक्षर बारीक, सातला मधे आडवी रेघ.

रात्री ओट्यावर वही उघडली.
ठाणे ते नाशिक, एकशे बेचाळीस.
ठाणे ते नाशिक, एकशे बेचाळीस.
मग चौऱ्याऐंशीचा मार्च : 'चौदाचे टायर मिळत नाहीत.
तेराची चाकं बसवली. गाडी उचल छान घेते.'
आणि पुढच्याच ओळीत
ठाणे ते नाशिक, एकशे त्रेपन्न.
समासात, पेन्सिलीने :
'रस्ता लांबला?'

मीटर रस्ता बघत नाही.
गिअरबॉक्समधून आलेली एक केबल
दांडा किती फिरला तेवढं सांगते,
बाकी त्याचा विश्वास असतो.

पान उलटलं, तर कर्णिक खूश :
'ॲव्हरेज सुधारला. तेरावरून चौदा.'
सुधारला नव्हता हो.
पुढच्या तेरा वर्षांत एकसष्ट हजार किलोमीटर लिहिले त्यांनी,
त्यातले चार हजारांवर ते गेलेच नाहीत.
न गेलेल्या त्या किलोमीटरांसाठी
वेळेआधी ऑइल बदललं,
बायकोला सांगितलं असेल, फार फिरणं होतं हल्ली.
आणि साठने चाललोय असं वाटून
छप्पन्नने गेले सगळीकडे,
जपून.

चौदाची चाकं तळोज्याच्या एका भंगारवाल्याकडे सापडली,
टायर कोइंबतूरहून मागवले.
जेवढ्यात हे सगळं झालं
तेवढ्यात एक नवी स्कूटी आली असती,
हे घरी तीन जणांनी सांगितलं.

रविवारी पहाटे घोडबंदर रोड.
माजिवड्यानंतर इंजिन खाली उतरलं,
म्हणजे आवाजाने; जणू कुणी ओरडत बोलणारा
समोरच्याला नीट ऐकू येतंय हे कळून
साध्या आवाजात बोलू लागला.
गायमुखच्या चढाला मात्र कुरकुरली.
टॉप सोडायला तयार होते मी, ती आधी थरथरली,
स्टिअरिंगखालच्या दांडीने तिसरा टाकला
तशी निघाली, रुसल्यासारखी.
उचल गेली थोडी. कर्णिक ते खरं लिहीत होते.

खाडीकडेला गाडी लावून वही काढली.
शेवटच्या नोंदीखाली तीन ओळी सोडल्या,
तारीख घातली, आकडा घातला.
वागळे इस्टेट ते गायमुख, साडेतेरा.
पेन्सिल नव्हती, पेनानेच
त्यांच्या प्रश्नाचं पान शोधलं, समासात लिहिलं :
नाही. चाक लहान होतं.

मग सातला आडवी रेघ द्यायची राहिली होती तारखेत,
ती दिली.